वस्ती विकली गेली म्हणणाऱ्यांना

दोस्तांनो, आमच्या वस्तीतल्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची निवड झाली. धुणीभांडी करणारी आपली एक बाई उभी होती. पडली. गुत्तेदाराचा माणूस आला. त्याच रात्री विहारात आपल्याच पोरांनी फळ्यावर गल्ल्या लिहिल्या, कुठल्या गल्लीचे हात कुणासाठी वर झाले त्याचा हिशेब मांडला, आणि खाली निकाल दिला : मागच्या दोन गल्ल्या विकल्या गेल्या.

माझी गल्ली पुढची. फळ्यावर ती इमानदार ठरली. तरी मी बोलणार आहे.

मागच्या गल्ल्यांत मातंगांची घरं आहेत, होलारांची आहेत. तुम्ही गल्ली लिहिली, वाचणाऱ्यांनी जात वाचली. आणि तुम्हालाही ते ठाऊक होतं.

तुम्ही वर झालेले हात मोजले. न आलेली माणसं मोजली काय? सभा ठेवली कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. मी सूतगिरणीत रात्रपाळी करून आलो होतो. मेलेल्या भावाचं पोर शाळेत आहे, पालक मीच, म्हणून न झोपता गेलो. पण पहिल्या पाळीचा माणूस कसा येणार? खाडा झाला की पगार गेला. आपल्या बाईला मत देणाऱ्या बाया त्या वेळी बंगल्यांत दुसऱ्यांची भांडी घासत होत्या.

मागच्या गल्लीतले आले, कारण ते गुत्तेदाराकडेच कामाला. त्यानं त्यांना सुट्टी दिली, रोज कापला नाही. मुकादम भिंतीला टेकून उभा होता आणि मत हात वर करून द्यायचं होतं. त्याच्या डोळ्यांदेखत हात खाली ठेवायचा म्हणजे उद्याचं काम घालवायचं. याला विकणं म्हणत नाहीत. विकणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडतं. यांच्या पदरात होती तीच भाकर राहिली.

तुम्ही म्हणाल, मोठ्या निवडणुकीत तर गुप्त मतदान असतं. माणसाचं मत गुप्त असतं, वस्तीचं नसतं. फॉर्म 20 मध्ये मतदान केंद्रावार आकडे येतात. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका मिसळून मोजता येत होत्या. यंत्र आलं आणि प्रत्येक केंद्र उघडं पडलं. 2008 साली निवडणूक आयोगानं टोटलायझरचा प्रस्ताव दिला, म्हणजे अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजायची. 2015 साली विधी आयोगानं 255व्या अहवालात तीच शिफारस केली. केंद्र सरकारनं ती मानली नाही. कोण मानेल? कुठली वस्ती कुणीकडे गेली ते कळलं, की नळ कुठं द्यायचा आणि गटार कुठं तुंबू द्यायचं ते ठरवता येतं. पुढारी तो कागद घेऊन बसतो. तुम्ही फळा घेऊन बसलात. मला सांगा, फरक काय राहिला?

मग आकडे मांडायचेच नाहीत? मांडायचे. बाबासाहेबांनी मांडले. 1937 च्या निवडणुकीनंतर काँग्रेस म्हणत होती, अस्पृश्य आमच्या मागं आहेत. 1945 च्या पुस्तकात बाबासाहेबांनी राखीव जागा मोजून दाखवल्या : 151 पैकी काँग्रेसच्या 78. आणि तिथंच न थांबता, त्या जागा कुणाच्या मतांवर आल्या ते तपासलं. संयुक्त मतदारसंघात आपला प्रतिनिधी सवर्णांच्या मतांनी निवडला जातो, हे त्यांनी त्यातून उघडं केलं. 1952 साली उत्तर मुंबईत बाबासाहेब काजरोळकरांकडून 14 हजारांवर मतांनी पडले. मतदारसंघ दोन जागांचा, मतदाराला दोन मतं. मतं वाया घालवण्याचा प्रचार झाला म्हणून बाबासाहेबांनी आणि अशोक मेहतांनी निवडणूक याचिका केली. मत कुठं आणि कसं मेलं ते त्यांनी शोधलं. आपण काय शोधलं? शेजारी.

आता कायदा वाचा. शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 21. समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत. निम्म्या बाया पाहिजेत. वंचित गटांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजेत. शाळेला मिळालेला पैसा कसा खर्च होतो यावर लक्ष ठेवायचं काम याच समितीचं. कलम 22 प्रमाणं शाळेचा विकास आराखडाही तीच करणार. गुत्तेदाराला शाळेचा पुळका का आला, कळलं? आमच्या शाळेत पोरींच्या संडासाला दार नाही. दुपारी घरी आलेली पोरगी परत जात नाही. त्या दाराचा हिशेब आता त्याचाच माणूस तपासणार.

मागच्या गल्लीतल्या पोरीपण त्याच शाळेत आहेत, हे फळा लिहिताना कुणाच्या डोक्यात आलं नाही.

म्हणून म्हणतो, पहिल्यांदा तो फळा पुसा. मग वही घेऊन घरोघर जा. कुणाला मत दिलं ते विचारू नका. सभेची नोटीस मिळाली का, पाळी कुठली होती, मुकादम कोण, एवढंच विचारा. पुढची सभा सुट्टीच्या दिवशी किंवा दिवे लागल्यावर घ्या, हात वर करण्याऐवजी चिठ्ठी टाकून मत घ्या, असा अर्ज लिहा. त्यावर पहिल्या सह्या मागच्या दोन गल्ल्यांच्या घ्या. ते सही करायला घाबरले, तर त्यांच्या उंबऱ्यावर बसा. भीती कशाची आहे ते ऐका.

आणि ज्यानं खडूनं ते लिहिलं त्यानं आधी जाऊन माफी मागावी. मी त्याच्यासोबत येतो. मीही त्या रात्री तिथंच बसलो होतो, आणि गप्प होतो.

जय भीम.