सरड्याच्या धावेला कुंपण घालू नका

पाण्यावरून दोन पायांवर धावत सुटलेल्या सरड्याचा व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. तो पाहून ज्यांच्या मनात ‘असा एक आपल्याकडे असावा’ असं येतं, आणि ज्यांची मुलं तसा हट्ट धरून बसली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कृपा करून तो विकत घेऊ नका.

हा बॅसिलिस्क सरडा. मेक्सिकोच्या दक्षिणेपासून कोस्टा रिका, पनामा ओलांडून कोलंबिया-इक्वेडोरपर्यंत तो नदीनाल्यांच्या काठी राहतो. तिकडे त्याला ‘येशू ख्रिस्ताचा सरडा’ म्हणतात. पण त्याची धाव चमत्कार नाही. मागच्या पायाची लांब बोटं फाकवून तो पाण्यावर चापट मारतो, मग पाय खाली आणि मागे रेटतो. त्या जागी पाण्यात हवेचा खळगा होतो. तो बुजायच्या आत पाय बाहेर काढायचा आणि दुसरा टाकायचा. एवढ्या अवधीत जो आधार मिळतो त्यावर तो सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने पळतो. पिल्लं हलकी, म्हणून त्यांना हे सहज जमतं. मोठे सरडे थोडं अंतर धावून पाण्यात उतरतात आणि पोहू लागतात. 1996 साली ‘नेचर’मध्ये दोन शास्त्रज्ञांनी हे गणित मांडलं. त्यानुसार माणसाला असं धावायचं तर सेकंदाला 30 मीटर, म्हणजे ताशी 108 किलोमीटर वेग हवा.

पण तो का धावतो, हे त्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. तो घाबरलेला असतो. पक्षी, साप किंवा कॅमेरा घेऊन अंगावर येणारा माणूस, कोणीतरी मागे लागलेलं असतं. धोका दिसला की पाण्याकडे झेप घ्यायची, एवढंच तो जाणतो.

आता हाच सरडा चार फुटांच्या काचेच्या पेटीत ठेवा. खोलीत कोणी आलं, दार आपटलं, की तो सवयीने सुसाट सुटतो. काच त्याला समजत नाही. एका परिचितांच्या घरी मी असा सरडा जवळून पाहिला. पाठीवर पिसासारखा सुंदर तुरा होता, आणि तोंडाचं टोक सोलवटून लाल झालं होतं. काचेवर आतून त्याच उंचीवर एक पुसट पट्टा उमटला होता. घरातल्यांचा जीव होता त्याच्यावर. पण मायेने काच मऊ होत नाही. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असं आपण म्हणतो. या सरड्याला कुंपणच नव्हतं, ते आपण घातलं.

ज्यांच्या घरी तो आधीच आहे, त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. पेटीच्या खालच्या भागाला बाहेरून गडद कागद लावा, म्हणजे तिथे आडोसा आहे हे त्याला कळेल. आत लपायला दाट पानं आणि डुंबायला पाणी द्या, आणि उगाच हातात घेऊ नका. जखम दिसली तर सरपटणारे प्राणी हाताळणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या.

आणि कंटाळा आला म्हणून त्याला तळ्यात सोडू नका. आपलं कोकण दमट आहे, तिथे तो सुखाने राहील, हा विचार भलता आहे. तपकिरी बॅसिलिस्क अमेरिकेत दक्षिण फ्लोरिडात नेला गेला आणि आता तिथल्या कालव्यांकाठी वस्ती करून आहे. लोकांनी हौसेने आणून सोडलेली लाल कानांची कासवं आपल्याही तळ्यांत दिसतात. एकदा सोडलेलं परत गोळा करता येत नाही.

मग मुलांच्या हट्टाचं काय? त्यांना न्हाणीघरात न्या. बादली भरा. पाण्यात हात हळूच बुडवायला सांगा, तो अलगद आत जाईल. आता तोच तळहात पाण्यावर जोराने आपटायला सांगा. हाताला चटका बसेल, कारण झटक्यात मारलं की पाणी उलट रेटा देतं. सरडा याच रेट्यावर धावतो. अंगावर चार थेंब उडतील, मूल पुन्हा पुन्हा आपटेल, आपटू द्या. कोस्टा रिकातला सरडा तिकडे ओढ्याकाठी फांदीवर बसलेला असू द्या.