सार्कची चाळिशी : बंद पडलेल्या शेजाराची किंमत कोण मोजतो?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतलो, पुस्तकांच्या पिशव्या सोडल्या, पायाची दुखणी जरा कमी झाली, तोवर ८ डिसेंबर उजाडला. या तारखेची आपल्याकडे कोणी दखल घेत नाही. १९८५ साली याच दिवशी ढाक्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि मालदीव या सात देशांनी 'सार्क' ही संघटना स्थापन केली. २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवा सदस्य झाला. यंदा तिला चाळीस वर्षे पूर्ण झाली. आणि शेवटची शिखर परिषद होऊन अकरा वर्षे झाली.

आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांनी यात का लक्ष घालावे, असे कोणी विचारेल. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर जेमतेम महिनाभराने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, प्रकृती साथ देत नसतानाही बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. तो त्यांचा शेवटचा परदेश प्रवास. त्याआधी १९५० मध्ये ते श्रीलंकेत आणि १९५४ मध्ये ब्रह्मदेशात जाऊन आले होते. म्हणजे धम्माचा विचार ते सीमेच्या आत बसून करत नव्हते. त्याच काठमांडूत १९८७ पासून सार्कचे सचिवालय आहे. इमारत आहे, महासचिव आहेत, कर्मचारी आहेत. परिषद तेवढी होत नाही.

अठरावी परिषद काठमांडूत नोव्हेंबर २०१४ मध्ये झाली. एकोणिसावी २०१६ च्या नोव्हेंबरात इस्लामाबादला व्हायची होती. सप्टेंबरमध्ये उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला, भारताने नकार कळवला, पाठोपाठ बांगलादेश, भूतान आणि अफगाणिस्ताननेही. तेव्हापासून गाडी तिथेच उभी आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, भारताने पाकिस्तानी नागरिकांसाठी सार्क व्हिसा सवलत योजनाही बंद केली.

पाकिस्तानच्या भूमीवरून चालणारा दहशतवाद हे या कोंडीचे खरे कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर निम्मीच गोष्ट कळते. नकाशा समोर ठेवा. आठ देशांत पाकिस्तान-अफगाणिस्तान ही एक जोडी सोडली, तर भारताला वगळून कोणत्याही दोन देशांची जमिनीवरची सीमा एकमेकांना लागत नाही. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये सिलिगुडीजवळ भारताची सुमारे २२ किलोमीटर रुंदीची पट्टी आहे. एवढेसे अंतर, पण भारताच्या परवानगीशिवाय पोते हलत नाही. म्हणूनच छोट्या देशांना सगळ्यांनी एकत्र बसायचे एक टेबल हवे होते. कल्पना मांडली ती बांगलादेशचे राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान यांनी, १९८० मध्ये. संघटना उभी राहण्याआधीच त्यांची हत्या झाली. दिल्लीला शंका होती की सगळे शेजारी मिळून आपल्याविरुद्ध गट करतील. इस्लामाबादला भीती होती की भारत याच वाटेने आपला माल आणि वर्चस्व घेऊन येईल. या दोन्ही संशयांची छाप सनदेवर पडली. निर्णय एकमतानेच घ्यायचे आणि दोन देशांमधल्या वादाचे विषय चर्चेला आणायचे नाहीत, असा नियम झाला. म्हणजे घरातली भांडणे बोलायची नाहीत आणि एकजण रुसला की स्वयंपाक बंद.

याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. २०१४ च्या परिषदेत वाहने एकमेकांच्या देशात जाऊ देण्याचा करार तयार होता, पाकिस्तान अडला आणि तो राहिला. मग २०१५ मध्ये बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चौघांनी वेगळा करार थिंफूत केला. तोही भूतानच्या संसदेत अडला, कारण तिथल्या लोकांना बाहेरच्या ट्रकांची आणि पर्यावरणाची काळजी वाटली. ती काळजी मला चुकीची वाटत नाही. मुक्त व्यापाराचा 'साफ्टा' करार २००६ पासून लागू आहे, तरी या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो. आग्नेय आशियातल्या आसियान देशांत हे प्रमाण साधारण पंचवीस टक्के आहे.

तरी जमते तेव्हा जमते. नेपाळमध्ये पावसाळ्यात नद्या भरून वाहतात आणि वीज जास्त होते. बांगलादेशात ती कमी पडते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांचा त्रिपक्षीय करार झाला आणि भारताच्या तारांमधून नेपाळची ४० मेगावॉट वीज बांगलादेशला जाऊ लागली. आकडा लहान आहे. पण लक्षात घ्या, ढाक्यात शेख हसीना यांचे सरकार पडून दोन महिनेच झाले होते, भारत-बांगलादेश संबंध रोज बिघडत होते, आणि तरीही सही झाली. इच्छा असेल तर राजकीय रुसव्याच्या काळातही काम पुढे जाते.

सरकारचे म्हणणे असे की सार्क नाही तर नाही, 'बिमस्टेक' आहे. बंगालच्या उपसागराभोवतीच्या सात देशांची ही संघटना १९९७ पासून आहे, तीत पाकिस्तान नाही, म्यानमार आणि थायलंड आहेत. तिची सनद मे २०२४ मध्ये लागू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला शिखर परिषद झाली. काही बौद्ध लेखक उत्साहाने लिहितात की ही 'बौद्ध देशांची' आघाडी होऊ शकते. मला हा उत्साह धोक्याचा वाटतो. म्यानमारमध्ये बहुसंख्य बौद्ध आहेत आणि तिथल्याच लष्कराने रोहिंग्यांची गावे जाळली. लाखो माणसे बांगलादेशात छावण्यांत राहतात. काही भिक्खूंनीच द्वेषाचा प्रचार केला. श्रीलंकेतही तमिळांच्या आणि मुस्लिमांच्या बाबतीत हे घडले आहे. शेजारी बौद्ध आहे म्हणून त्याचे सरकार करुणेने चालेल असे समजणे म्हणजे बुद्ध वाचला नसल्याची कबुली आहे.

आता जे माझ्या कामाशी संबंधित आहे त्याकडे वळतो. मी समाजकार्यात आहे. देहविक्रीतून सोडवलेल्या मुली आणि बायकांच्या पुनर्वसनाचे काम काही वर्षे केले. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत नेपाळ आणि बांगलादेशातून आणलेल्या मुली असतात, हे कार्यकर्त्यांना नवीन नाही. एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, बांगलादेशातल्या जेसोर भागातली. शिवणकामाची नोकरी देतो म्हणून आणलेली. छाप्यात सुटली आणि निवारागृहात आली. 'सुटली' हा शब्द मी सवयीने वापरतो. तिथे ती चौदा महिने होती.

का? कारण ती बांगलादेशी आहे हे बांगलादेशने मान्य करायला हवे. त्यासाठी इकडून कागद निघतो, एका कचेरीतून दुसरीत जातो, वकिलातीत जातो, तिथून त्यांच्या राजधानीत, मग जिल्ह्याच्या पोलिसांकडे. पोलीस गावात जाऊन चौकशी करणार. तिने गावाचे नाव बोलीत सांगितलेले, इकडच्या कारकुनाने ते ऐकून लिहिलेले. स्पेलिंग चुकले की कागद पहिल्या पायरीवर. आमच्या एका सहकारी ताईने शेवटी मोबाईलवर नकाशा उघडून तिच्याकडून नदी, बाजार, मदरसा विचारत विचारत गाव शोधून काढले. हे काम दोन सरकारांचे होते.

आणि यासाठी सार्कचा करार आहे! २००२ मध्ये काठमांडूच्या परिषदेत स्त्रिया आणि बालकांच्या तस्करीविरुद्ध करार झाला. सोडवलेल्या व्यक्तीला मायदेशी पाठवणे, एकमेकांना तपासात मदत करणे, हे सगळे त्यात आहे. व्याख्या मात्र वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या तस्करीपुरतीच आहे. वीटभट्टी, घरकाम, कारखाने यांसाठी नेलेली मुले त्यात बसत नाहीत. ही त्रुटी दुरुस्त करायची तर आठ देशांनी एकत्र बसावे लागेल. ते बसत नाहीत. भारत-बांगलादेशमध्ये २०१५ चा स्वतंत्र सामंजस्य करार आहे, पण संबंध बिघडले की असे कागद सगळ्यात आधी टेबलाच्या तळाशी जातात. परिषद रद्द झाल्याची बातमी होते. निवारागृहातल्या मुलीचा मुक्काम लांबल्याची होत नाही.

पालघर, डहाणूच्या किनाऱ्यावर हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसेल. तिथले आदिवासी आणि मच्छीमार तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि समुद्रात न दिसणारी रेषा ओलांडली म्हणून कराचीच्या तुरुंगात पोचतात. दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात २१७ भारतीय मच्छीमार होते, आपल्याकडे त्यांचे ८१. शिक्षा संपलेली माणसेही सुटकेच्या प्रतीक्षेत असतात, कारण सुटका म्हणजे सदिच्छा आणि सदिच्छा म्हणजे राजकारण.

मंत्रिपदाचा राजीनामा देताना १९५१ मध्ये बाबासाहेबांनी परराष्ट्र धोरणावर बोट ठेवले होते. ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात आणि हे आपल्या परराष्ट्र धोरणाचे फळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते शेजाऱ्यांविषयी भाबडे नव्हते, पाकिस्तानवर त्यांनी पुस्तकच लिहिले आहे. पूर्व बंगालमधल्या आपल्या लोकांचे काय होणार, ही चिंताही त्याच निवेदनात होती. परराष्ट्र धोरणाचा हिशोब ते गरिबाच्या ताटापासून करत. आज आपले नेते परराष्ट्र धोरणावर बोलतात तेव्हा एक तर सरकारी सूर लावतात नाहीतर गप्प बसतात. विद्यापीठात समाजशास्त्र शिकताना मलाही वाटायचे की हा विषय दिल्लीच्या इंग्रजी मंडळींचा आहे.

धम्मयात्रेचेच बघा. सोनौलीला सीमा ओलांडून लुंबिनीला जाणाऱ्या महाराष्ट्राच्या बसगाड्या दरवर्षी शेकड्याने असतील. १९५० च्या मैत्री करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही, गाडीचा 'भन्सार' भरला की झाले. ही केवढी मोठी सोय आहे हे तक्षशिला बघायची इच्छा असलेल्याला विचारा. बांगलादेशातल्या पहाडपूरचा सोमपूर महाविहार बघायला व्हिसा काढावा लागतो, आणि चितगावच्या बौद्धांना बोधगयेला यायचे तर ऑगस्ट २०२४ पासून भारतीय व्हिसा मिळणे फारच कठीण झाले आहे. शीख बांधवांसाठी २०१९ मध्ये कर्तारपूरचा मार्ग खुला झाला तेव्हा वाटले होते की श्रद्धास्थळांसाठी तरी वाटा निघतील. मे २०२५ मध्ये तोही बंद झाला.

लुंबिनीजवळ भैरहव्याला नेपाळने आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधला, २०२२ च्या बुद्धपौर्णिमेला सुरू केला. त्याच्या सात महिने आधी भारताने कुशीनगरला आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू केला होता. बुद्धाच्या जन्माचे आणि महापरिनिर्वाणाचे ठिकाण, दोन्हीकडे धावपट्ट्या, आणि दोन्हीकडे नियमित आंतरराष्ट्रीय विमानांची वानवा. आकाशातले जादा प्रवेशमार्ग द्या, असे नेपाळ कित्येक वर्षे भारताकडे मागतो आहे. उद्घाटनाच्याच दिवशी आपले पंतप्रधान लुंबिनीला गेले, पण हेलिकॉप्टरने, त्या विमानतळावर न उतरता. दोघांनी मिळून वेळापत्रक आखले असते तर दोन्ही विमानतळ जगले असते, आणि स्थानिक तरुणांना कामे मिळाली असती ती वेगळीच.

नेपाळमध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार १३.४ टक्के लोकसंख्या दलित आहे. त्यांच्या राज्यघटनेत दलितांच्या हक्कांचे स्वतंत्र कलम आहे, आणि तरीही २०२० मध्ये पश्चिम रुकुममध्ये आंतरजातीय प्रेमावरून जमावाने हल्ला केला आणि सहा तरुणांचा जीव गेला. बातमी वाचली तेव्हा मला खैरलांजी आठवले. जात सीमेवर थांबत नाही, भन्सारही भरत नाही. आपली यात्रा मात्र मायादेवी मंदिर, अशोकस्तंभ, फोटो, जेवण आणि परत गोरखपूर अशी असते. ज्या गावांतून आपली बस जाते तिथे आपले कोण राहते, हे आपण विचारत नाही.

फेब्रुवारीत आमच्या तालुक्यातून एक बस निघणार आहे. या वेळी लुंबिनीनंतर एक दिवस बुटवलला थांबायचे ठरले आहे. तिथल्या दलित तरुणांच्या एका गटाशी फोनवर बोलणे झाले. ते हिंदी बोलतात, आम्हीही बऱ्यापैकी बोलतो. पोरांनी आतापासून प्रश्नांची यादी करायला घेतली आहे, आणि पहिला प्रश्न असा आहे : तुमच्याकडे गुन्हा नोंदवायला पोलीस टाळाटाळ करतात तेव्हा तुम्ही कोणाकडे जाता?