हस्तर घरी येतो तेव्हा

१२ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘तुंबाड’ हा चित्रपट थिएटरांत लागला, तेव्हा आपल्यापैकी फार थोड्यांनी त्याचे तिकीट काढले असेल. आदल्या आठवड्यात ‘अंधाधुन’ आला होता, पुढच्या आठवड्यात दसऱ्याच्या सुमारास ‘बधाई हो’ आला. ह्या दोन गर्दी खेचणाऱ्या चित्रपटांच्या मध्ये सापडलेले हे पावसाचे आणि अंधाराचे प्रकरण कधी आले नि कधी गेले, हे पुष्कळांना कळलेसुद्धा नाही. पुढे तो अॅमेझॉन प्राइमवर, म्हणजे दिवाणखान्यातल्या टीव्हीवर आणि मुलांच्या हातातल्या फोनवर आला आणि त्याचे दैव फिरले. भाच्याने मामाला सांगितले, मामाने कचेरीत सांगितले, आणि होता होता न पाहिलेला माणूस मागासलेला ठरू लागला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तोच चित्रपट पुन्हा थिएटरांत लावला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेच्या दुपटीहून अधिक उत्पन्न मिळवले. घरी बसून पाहून झालेल्या चित्रपटासाठी लोकांनी पुन्हा खिशात हात घातला. असे का व्हावे, हा आमच्या ह्या वेळच्या सदराचा विषय.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथेचा सारांश द्यायला हवा. समृद्धीच्या देवीचा पहिला लेक हस्तर. त्याने आईचे सोने लुटले आणि धान्यालाही हात घातला. तेव्हा इतर देवांनी त्याला जवळजवळ संपवलेच. आईने त्याला पोटात लपवून वाचवले, पण ह्या हस्तरचे नाव कोणी घ्यायचे नाही, पूजा कोणी करायची नाही, ह्या अटीवर. तुंबाड गावच्या वाड्याखाली देवीचे ते उदर आहे, तिथे हस्तर युगानुयुगे उपाशी आहे आणि त्याच्या लंगोटात सोन्याच्या मोहरा आहेत. कणकेची बाहुली दाखवून त्याला भुलवायचे आणि तो खाण्यात गुंतला की मोहरा ओढून पळायचे, हा उद्योग विनायक नावाचा माणूस जन्मभर करतो, आणि पुढे आपल्या मुलाला, पांडुरंगला, तोच शिकवतो. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन काळांत ही कथा घडते. हस्तर कोणत्याही पुराणात शोधू नये. तो चित्रपटकर्त्यांनीच घडवलेला आहे.

आता ह्या गोष्टीचे आपल्या विदर्भाशीही एक नाते आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’वाले अनिल बर्वे ह्यांचे चिरंजीव. १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि तिने ते विलक्षण घाबरले. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी पहिला खर्डा लिहिला. नाव घेतले ते श्री. ना. पेंडसे ह्यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, मात्र कथेचा त्या कादंबरीशी संबंध नाही. पुढे सातशे पानांची चित्रमालिका काढली, निर्माते आले आणि गेले, चित्रीकरण होऊन पुन्हा नव्याने झाले. खरा पाऊस हवा म्हणून एकामागून एक पावसाळे वाट पाहिली. अखेर सोहम शाह ह्यांच्या निर्मितीत चित्रपट पुरा झाला आणि त्यांनीच विनायकाची भूमिका केली. जंगलात ऐकलेली गोष्ट पडद्यावर यायला पंचवीस वर्षे लागली, आणि लोकांना ती आवडायला आणखी काही वर्षे!

प्रेक्षकांचे म्हणणे ऐकावे म्हणून आम्ही नागपुरापासून जवळच असलेल्या खापरखेड्याच्या काही ओळखीच्या घरांत चौकशी केली. खापरखेडा म्हटले की औष्णिक वीज केंद्र डोळ्यांसमोर येते: २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक, मिळून १३४० मेगावॅट. शेजारी सिल्लेवाड्याची कोळशाची खाण. जमिनीच्या पोटातून काहीतरी काढून आणायचे, ते एका न भरणाऱ्या पोटात घालायचे आणि त्यातून दुसऱ्यांच्या घरी उजेड पाडायचा, हा इथला नित्याचा व्यवहार. उजेड तारांवरून दूर जातो आणि राख इथे राहते. अशा गावातली माणसे हस्तरची गोष्ट कशी पाहतात, ह्याची आम्हाला उत्सुकता होती.

पहिले गृहस्थ बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी चित्रपट आधी मुलाच्या फोनवर पाहिला आणि २०२४ साली नागपूरला जाऊन थिएटरात पाहिला. त्यांचे म्हणणे मुद्द्याचे होते: “घरी गोष्ट समजली, पाऊस नाही समजला. फोनवर पाऊस म्हणजे नुसता पंख्याचा आवाज. थिएटरात बसलो तर वाटलं, छत गळून राहिलं की काय!” ह्यात तथ्य आहे. फिल्मफेअरने ‘तुंबाड’ला छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी अशी तीन पारितोषिके दिली, ही तिन्ही अंगे लहान पडद्यावर निम्मीशिम्मीच पोचतात. लोक पुन्हा का गेले, ह्याचे निम्मे उत्तर इथेच मिळते.

त्यांच्या घरच्या आजी मात्र फोनवरच खूष. त्या घाबरल्या नाहीत. “ही तर चातुर्मासातली कहाणी आहे,” त्या म्हणाल्या. “देवी आहे, नियम आहे, नियम मोडणारा आहे, आणि मग व्हायचं ते होतं.” कणकेच्या बाहुलीचेही त्यांना नवल वाटले नाही. धनत्रयोदशीला आपण यमासाठी कणकेचा दिवा करून दक्षिणेकडे तोंड करून ठेवतोच ना! भुकेल्याला पीठ दाखवून परतवायचे, हे त्यांना घरच्या रीतीतलेच वाटले. एक तक्रार मात्र त्यांनी केली: “आईने लेकाला वाचवलं, पण एकदा तरी कोणी त्याला ताट वाढायचं होतं!”

शेजारच्या बिऱ्हाडातल्या आठवीतल्या मुलाच्या आईची तक्रार वेगळी होती. ह्या चित्रपटाला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आहे. थिएटरात दारावरचा माणूस मुलाला अडवतो. घरी दारावर कोण उभे राहणार? मुलाने तो मित्राकडे पाहिला आणि चार रात्री दिवा लावून झोपला. आमच्या मते ह्या बाईंचे म्हणणे प्रत्येक आईबापांनी मनावर घ्यावे. ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू १९९३ पासून आपल्या मुलांना घाबरवतो आहे, पण लक्ष्मीकांत बेर्डे शेजारी बसून हसवतात, म्हणून ती भीती लवकर विरते. इथे हसवणारा कोणी नाही. मूल जाणते होईपर्यंत थांबावे, आणि दाखवायचा झाला तर शेजारी बसून दाखवावा.

कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने भाषेचा मुद्दा काढला. वाडा आपला, पाऊस कोकणातला, नावे सदाशिव आणि पांडुरंग, कथेचे मूळ धारपांचे. मग बोलणे हिंदीत का? विनायकाची बायको वैदेही अनिता दाते ह्यांनी केली आहे. त्याच काळात ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली नागपूरची राधिका म्हणून त्या रोज रात्री इथल्या घराघरांत येत होत्या. “राधिका नागपुरी बोलते आणि वैदेही हिंदी, हे कानाला खटकतं,” असे ती म्हणाली. खर्चाचे गणित हिंदीखेरीज जमले नसते, हे खरे असेल. पण मुलीची चुटपुटही खोटी नाही.

खरा वाद झाला तो सिल्लेवाड्याच्या खाणीत काम केलेल्या एका काकांच्या घरी. कोणीतरी विनायकाला लोभी म्हटले, तसे ते उसळले. “लोभी काहून? त्याचं लहानपण पाहा. माय त्या म्हाताऱ्या सरकाराची चाकरी करते, एका मोहरेसाठी. भाऊ मेला. ज्याच्या घरी काही नव्हतं, त्यानं खाली उतरून जीव धोक्यात घातला. आम्हीही खाली उतरलोच की बापा, पोटासाठीच!” सगळे गप्प झाले. मग त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून बोलल्या, “अहो, पण तुम्ही पगार घेऊन घरी येत होता. त्याला पहिल्या मोहरेनंतर घर मिळालं, दुसरीनंतर बायकोला दागिने मिळाले. मग तो कशाला जात राहिला? आणि त्या वैदेहीनं कधी विचारलं का, हे येतं कुठून?”

काका म्हणाले, “विचारलं असतं तर सांगितलं असतं का त्यानं?”

“न सांगो,” काकू म्हणाल्या, “विचारायचं तर होतं!”

ह्या दोन वाक्यांपाशी आम्हाला ‘तुंबाड’च्या दुसऱ्या जन्माचे उरलेले निम्मे उत्तर सापडले. थिएटरात माणूस अंधारात एकटाच असतो. भीती वाटली की डोळे मिटतो आणि बाहेर पडून चहा घेतो. घरी मात्र बाप, आई, मुलगा आणि आजी एका सतरंजीवर बसून पाहतात. पडद्यावरचा बाप मुलाला चोरीची कला शिकवू लागला की सतरंजीवरचा मुलगा आपल्या बापाकडे पाहतो. गरज कुठे संपते आणि लोभ कुठे सुरू होतो, हे व्याख्यानात सोपे असते. पगाराच्या, प्लॉटच्या आणि वाटण्यांच्या हिशोबात ते कोणालाच नीट ठाऊक नसते. हस्तर विनायकाच्या वाड्याखाली राहतो म्हणून बरे, असे म्हणता म्हणता प्रत्येकाच्या मनात आपल्या घराचे जोते येऊन जाते.

एक गोष्ट पुष्कळ प्रेक्षकांना श्रेयनामावली वाचल्यावरच कळते. कथेच्या सुरुवातीला साखळदंडांत बांधलेली, लोभाने सडलेली जी भयंकर म्हातारी दिसते, ती भूमिका आणि शेवटच्या भागातला छोटा पांडुरंग, ही दोन्ही कामे मोहम्मद समद ह्या एकाच बालनटाने केली आहेत. रंगभूषेमुळे ते ओळखू येत नाही. पण एकदा कळले की पुन्हा पाहताना अंगावर काटा येतो. म्हातारी कधीकाळी असेच कोणाचे तरी लेकरू होती आणि हे लेकरूही तसेच होऊ शकते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि पांडुरंग काही साधा भोळा नव्हे. थोड्या मोहरांऐवजी हस्तरचा सबंध लंगोटच पळवावा, ही युक्ती त्याचीच. बाप शिकवत होता त्याच्या पुढे मुलगा गेला. त्या युक्तीपायी बाप शापित होतो, तरी तो लंगोट मुलापुढे धरतो. म्हणजे मरतानाही बापाला द्यायला तेवढेच सुचते. मुलगा तो घेत नाही. तो बापाला अग्नी देतो, जसा पूर्वी बापाने म्हातारीला दिला होता. इथे मंडळींत पुन्हा दोन तट पडले. बॉयलरवाले गृहस्थ म्हणाले, मुलगा सुटला. काका म्हणाले, “सुटला खरा, पण उपाशी सुटला. आता खाईल काय?” आजींनी दोघांनाही मोडीत काढले: “काम करून खाईल. बाकीचे काय करतात?”

‘तुंबाड’चा दुसरा भाग येणार, अशी घोषणा २०२४ साली झाली आहे. तो कसा निघेल ते निघो. पहिल्यापुरते आमचे मत असे, की गती थोडी संथ आहे, चांगल्या माणसांची वाण आहे, आणि भाषेची खंत राहणारच. तरीही मोठ्या माणसांनी तो पाहावा, शक्य तर मोठ्या पडद्यावर, आणि नंतर घरी बसून त्यावर भांडावे.

दिवाळीच्या दिवसांत हे भांडण विशेष शोभेल. लक्ष्मीपूजनाला आपण चौरंगावर सोन्याचा एखादा दागिना, नाणी आणि चोपडी मांडतो, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखवतो आणि ती राहावी म्हणून प्रार्थना करतो. ती आली कोणत्या वाटेने, हे त्या चौरंगापाशी सहसा कोणी विचारत नाही. विचारणे अशुभ वाटते. खापरखेड्याच्या काकूंना ते अशुभ वाटत नाही. वाद संपल्यावर त्यांनी आम्हाला चिवडा दिला आणि नवऱ्याला सहज म्हणाल्या, “यंदा पूजेच्या वेळी पोरालाही जवळ बसवा, आणि कोणता पैसा कशाचा, ते त्याला सांगा.” काकांनी मान हलवली. मुलगा मात्र वडिलांच्या तोंडाकडे पाहत होता.