पायवाटेचा स्थपति

थोर स्थपतीचें नांव निघालें कीं प्रासाद, मंदिरें, निदान एखादी टोलेजंग इमारत तरी डोळ्यांपुढें उभी राहावी, हा सर्वसाधारण अनुभव आहे. या अंकीं ज्यांची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहोंत, त्या दिमित्रिस पिकिओनिस या ग्रीक गृहस्थांनीं इमारती थोड्याच बांधल्या; त्यांची कीर्ति टिकली ती एका पायवाटेवर.

अथेन्सचें बंदर जें पिरिअस, तेथें १८८७ मध्यें त्यांचा जन्म झाला. अथेन्सच्या पॉलिटेक्निकमधून ते १९०८ मध्यें इंजिनियर झाले खरे, परंतु जीव गुंतला होता चित्रकलेंत. म्हणून त्यांनीं म्युनिक व पॅरिस गाठलें. सेझानच्या चित्रांनीं त्यांस भारून टाकलें. १९१२ मध्यें ते स्वदेशीं परतले आणि १९२५ पासून तीस वर्षांहून अधिक काळ पॉलिटेक्निकांतच अध्यापन करीत राहिले.

१९३० नंतर लवकरच लिकाबेटस टेकडीच्या उतारावर त्यांनीं एक शाळा बांधली. पांढऱ्या भिंती, सपाट छपरें; सारें त्या वेळच्या नव्या पंथास साजेसें. पण ती पुरी झाल्यावर त्यांचें स्वतःचेंच समाधान होईना. जें घर कोठेंही शोभतें तें येथलेंच असें कसें म्हणावें, ही रुखरुख त्यांस लागली. आपल्याच पुऱ्या झालेल्या कामाकडे इतक्या परखडपणें पाहणारे विरळा! पुढें सालोनिकाच्या शाळेंत त्यांनीं तिकडच्या जुन्या घरांची कौलारू ठेवण आणली.

१९५४ मध्यें अक्रोपोलिस व समोरची फिलोपाप्पोस टेकडी यांवरील वाटांचें काम त्यांच्याकडे आलें. त्या सुमारास अथेन्समध्यें जुनीं घरें पाडून बहुमजली इमारती उठविण्याचा सपाटा चालला होता. संगमरवरी उंबरठे, कोरीव तुकडे राडारोड्यांत जात. पिकिओनिस यांनीं तेच दगड आणवून फरसबंदींत बसविले. तपशीलवार नकाशांवर त्यांची फारशी भिस्त नव्हती. गवंडी व शिष्य यांना घेऊन ते स्वतः वाटेवर उभे राहत, आणि कोणता दगड कोणाशेजारीं शोभेल तें तेथेंच ठरत असे. गोधडी शिवणाऱ्या आजीबाईंना ही रीत निराळी समजावून सांगावयास नको. बसण्याच्या जागाहि अशा निवडल्या कीं तेथून पार्थेनॉनचें देवालय नीट न्याहाळतां यावें. टेकडीवरील लहानशा चर्चचीहि त्यांनीं याच हातानें डागडुजी केली. १९५७ मध्यें काम पुरें झालें.

कोणी म्हणतात, अशा रीतीनें जुनीं घरें जिवंत राहिलीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. घरें गेलीं तीं गेलींच. उंबरठा वाटेंत बसविला म्हणून त्यामागचें माजघर परत येत नाहीं. मात्र ज्यानें तो उचलून पुन्हा पायांखालीं आणला, त्यानें जाणाऱ्या घराचा मान राखला, एवढें खास.

उतारवयांत, १९६१ ते १९६४ या काळांत, त्यांनीं अथेन्सनजीकच्या फिलोथेई येथें मुलांसाठीं एक क्रीडोद्यान केलें. १९६८ मध्यें त्यांचें देहावसान झालें. अक्रोपोलिसच्या त्या फरसबंदीवरून प्रवासी आजहि चालतात.