चोर सोडून संन्याशाला फाशी

मुळशीच्या खाचरांत आंबेमोहर, इंद्रायणी निसवला की बांधावर एक तक्रार हमखास ऐकू येते, "रात्री बदकं उतरली नि पीक उद्ध्वस्त केलं." बदकांना शिव्या देण्याआधी जरा खाली वाकून बघा.

भाताची काडी बुंध्यापाशी तिरकी कापलेली असेल आणि बांधाला भुसभुशीत मातीचा ताजा ढीग असेल, तर ते काम घुशीचं. लोंब्या ओढून ती बिळात साठवते. शिवाय बांध पोखरल्यानं खाचराचं पाणी रात्रीत निघून जातं, ते नुकसान वेगळंच.

आपलं हळदी-कुंकू बदक बारमाही इथलंच. चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके. पाणथळीतलं बी, कोवळं गवत, किडे, गोगलगाई हे त्याचं खाणं. पेरलेले दाणे ते टिपतं, रोपंही तुडवतं, हे खरं. पण ते बांध फोडत नाही आणि लोंब्यांचं कोठारही भरत नाही.

आता एक गंमत ऐका. घुशीला तेलुगूत 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर, म्हणतात. इंग्रजांनी त्याचं 'बँडिकूट' केलं आणि पुढं ऑस्ट्रेलियातल्या एका लांबनाक्या प्राण्यालाही तेच नाव दिलं. तो मात्र उंदीर नव्हे, कांगारूसारखा पिशवीवाला. त्याची मादी सुमारे १२ दिवसांत विते. इवलीशी पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढतात. पिशवीचं तोंड मागच्या बाजूला, म्हणून उकरताना माती आत जात नाही. बदकाचं उलट. अंडी सुमारे २४ दिवस उबवावी लागतात, पण पिल्लं बाहेर आली की लगोलग आईमागं पाण्यात!

मग घुशीचं करायचं काय? बांध अरुंद नि तणमुक्त ठेवा. कापणीनंतर सगळ्या वाडीनं मिळून बिळं खणा. एकट्यानं खणलीत तर शेजारच्या बांधावरच्या घुशी तुमच्याकडं येतील. घुबड रात्रीचा राखणदार आहे, त्याला अपशकुनी म्हणून हाकलू नका. विषारी आमिष घालायचंच तर बिळात खोल घाला आणि तोंड मातीनं बुजवा. उघड्यावर टाकलेले दाणे बदक खाईल, तुमची कोंबडीही खाईल. आणि रानबदक मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

उद्या बांधावर जाल तेव्हा आधी काडी बघा, मग बीळ बघा. चोर आपोआप सापडेल.