अंकित गाळलं तर?

बसवजयंतीच्या कार्यक्रमासाठी माझी मुलगी बसवण्णांचं एक वचन पाठ करत होती. शेवटची ओळ तिनं सरळ सोडून दिली. "आई, अर्थ तर आधीच संपतो. देवाचं नाव दर वेळी काय म्हणायचं?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. हातातली मेथी खाली ठेवून म्हणाल्या, "अंकित नोडव्वा! कूडलसंगमदेव गाळलंस तर ते वचन कुणाचं?"

मला माहेरची गाथा आठवली. 'तुका म्हणे' गाळून अभंग म्हटला असता, तर आमच्या आजोबांनी टाळ खाली ठेवले असते.

बसवण्णांचं कूडलसंगमदेव, अक्कमहादेवींचं चन्नमल्लिकार्जुन. वचन कुणाचं ते या अंकितावरूनच ओळखायचं. शतकानुशतकं वचनं ताडपत्रांवर मठांत आणि घरोघरी पडून होती. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी ती दारोदार फिरून जमवली आणि १९२३ साली 'वचनशास्त्रसार' छापलं. ते नसते तर सासूबाईंच्या हातात आजचं पुस्तक कुठून आलं असतं?

आणि ही ओळ किती जिव्हाळ्याची, ते आपण पाहिलंच आहे. माते महादेवी यांनी आपल्या 'वचनदीप्ती'त कूडलसंगमदेवच्या जागी 'लिंगदेव' घातलं. त्यांनी ते आपल्या श्रद्धेनं केलं, पण अनेकांची मनं दुखावली. १९९८ साली कर्नाटक सरकारनं त्या पुस्तकावर बंदी घातली आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. एका नावासाठी एवढी वर्षं!

पण नुसत्या नावावर तरी कसं विसंबायचं? 'तुका म्हणे' कुणालाही जोडता येतं. १८७३ साली पूर्ण झालेल्या शंकर पांडुरंग पंडितांच्या गाथेत ४६०७ अभंग आहेत, दुसऱ्या प्रतींत आकडा वेगळा. ज्ञानेश्वरीतही लोकांनी पदरच्या ओव्या घातल्या होत्या. नाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली आणि यापुढे भर घालू नका, असं बजावलं.

मला वाटतं, ग्रंथ पवित्र ठरतो तो दोघांमुळे. एक, त्याच्या प्रती शोधून ताडून पाहणारे. दुसरे, तो रोज म्हणणारे. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि गाथा यांना वारकऱ्यांनी प्रस्थानत्रयी मानलं, ते काही कुणाच्या हुकमानं नव्हे. न्यायालय फार तर भांडण मिटवील, पण भक्ती काही त्याच्या हातात नाही.

सासूबाईंनी नातीला शेवटची ओळ चार वेळा म्हणायला लावली. कार्यक्रमात पोरगी मधली एक ओळ विसरली, पण कूडलसंगमदेव मात्र खणखणीत म्हणाली. पहिल्या रांगेत बसलेल्या सासूबाईंनी हात जोडले, आणि माझेही आपसूक जुळले.