देशोदेशींचीं नगरें : नोर्डलिंगेन

जर्मनीच्या दक्षिणेस बव्हेरिया म्हणून जो प्रांत आहे, त्याच्या पश्चिम भागांत नोर्डलिंगेन नांवाचें सुमारें २० हजार वस्तीचें एक लहानसें शहर आहे. शहराभोंवतालचा जुना तट अद्यापि अखंड असून त्यावरून सुमारें पावणेदोन मैलांची पूर्ण प्रदक्षिणा करतां येते. मध्यभागीं सेंट जॉर्जचें प्रार्थनामंदिर आहे. त्याचा सुमारें ३०० फूट उंच मनोरा ‘डॅनिएल’ या नांवानें ओळखला जातो. मनोऱ्यावरून पाहिलें म्हणजे चोहोंकडे सपाट, सुपीक शेतें दिसतात, आणि त्यांपलीकडे टेकड्यांचें वर्तुळाकार कडें. सुमारें १५ मैल व्यासाच्या या खोलगट मैदानास ‘रीस’ म्हणतात.

शहराचा इतिहास इ. स. ८९८ पासून ज्ञात आहे. १२१५ सालीं त्यास साम्राज्यांतील स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला. म्हणजे मधल्या कोणा सरदाराचें स्वामित्व न राहतां तें थेट बादशहाच्या छत्राखालीं आलें. हा मान १८०३ सालीं शहर बव्हेरियांत सामील होईपर्यंत टिकला. १६३४ च्या सप्टेंबरांत याच शहरालगत बादशाही व स्पॅनिश फौजांनीं स्वीडिश सैन्याचा व त्याच्या प्रॉटेस्टंट दोस्तांचा पुरा मोड केला.

परंतु या लढाईहून अधिक मननीय अशी हकीकत तिच्या चाळीस वर्षें आधींची आहे. १५८९ पासून पुढील पांच वर्षांत चेटकीण ठरवून येथें तीसांहून अधिक जणांना जाळण्यांत आलें. त्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या. आरोपीचे हाल करावयाचे आणि तो कबूल झाला म्हणजे तोच पुरावा मानावयाचा, अशी तेथील न्यायाची रीत. सराई चालविणाऱ्या मारिया होल या बाईचे पन्नासांहून अधिक वेळां हाल झाले. तथापि तिनें गुन्हा कबूल केला नाहीं. तिच्या माहेरच्या उल्म नगरानेंहि रदबदली केली, आणि १५९४ सालीं न्यायाधिशांना तिला सोडून देणें भाग पडलें. त्यानंतर ही मोहीम ओसरली.

एकदां समजूत घट्ट झाली कीं विद्वानांचीहि पुराव्याकडे नजर जात नाहीं. रीसच्या खळग्याविषयीं असेंच झालें. येथील राखाडी दगड वितळलेल्या द्रव्याच्या गुठळ्यांनीं भरलेला; तेव्हां हा ज्वालामुखीचाच प्रताप, असें बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञ मानीत. १९६० सालीं यूजीन शूमेकर व एडवर्ड चाओ या शास्त्रज्ञांना या दगडांत ‘कोएसाइट’ हें खनिज आढळलें. गारेवर प्रचंड दाब पडल्यावांचून तें बनत नाहीं, आणि तसा दाब ज्वालामुखीच्या स्फोटांत उत्पन्न होत नाहीं. तेव्हां सुमारें दीड कोट वर्षांपूर्वीं आकाशांतून कोसळलेल्या एका प्रचंड अशनीनें हा खळगा पाडला, हें सिद्ध झालें. पुढें १९७० सालीं चंद्रावर जावयाच्या अमेरिकन अंतराळवीरांना दगडांची पारख शिकविण्यासाठीं येथेंच आणलें होतें. विशेष हें कीं, पंधराव्या शतकांत बांधूं लागलेलें सेंट जॉर्जचें मंदिर याच दगडाचें आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक ज्या भिंतींत प्रार्थनेस बसत, त्या भिंतींतच हा पुरावा होता.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर हें रीसचें धाकटें भावंडच होय. लवणासुराच्या वधाची कथा तेथें घरोघर ठाऊक आहे. आसपासचा काळा दगड मूळ ज्वालामुखीचाच असल्यामुळें हा खळगाहि ज्वालामुखीचा असावा, असें पुष्कळ पंडितांस वाटे. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तोहि अशनिपाताचाच ठरविला. लोणारास दैत्यसूदनाच्या दर्शनास जाणाऱ्यांनीं परततांना तेथील दगडांकडेहि अवश्य पाहावें, व बरोबरच्या मुलांना त्यांची कथा सांगावी.